आठवड्याला एकच चित्र

सप्टेंबर जवळ आला की आपल्याकडे एक वेगळाच हंगाम सुरू होतो. कोणाच्या तरी घरी दोन मोठ्या बॅगा आ वासून पडलेल्या असतात, शेजारी वजनकाटा असतो आणि मधोमध कुकर. यंदा माझ्या मावसबहिणीचा मुलगा निघालाय. त्याचा परवा फोन आला. "मामा, तू लंडनला होतास ना? काय काय नेऊ?"

मी नेहमीची यादी सांगितली. कुकर ने, पण छोटा. गोडा मसाला आईकडूनच घे, तिथे मिळत नाही. थंडीचे कपडे इथे घेऊ नकोस, इथल्या कपड्यांना तिथली थंडी माहीत नसते. त्याने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "आणि शनिवार-रविवारी काय करायचं? फिरायला पैसे लागतात ना?"

या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर नीट देऊ शकलो नाही, म्हणून या महिन्याचा लेख त्याच्यासाठी.

मी गेलो 2018 च्या सप्टेंबरात, एका वर्षाच्या एमएससीला. वय तीस, सात वर्षांची नोकरी सोडलेली, डोक्यावर कर्ज आणि कर्जाच्या कागदांवर बाबांची सही. त्यामुळे पहिले दोन महिने मी कॉलेज, लायब्ररी आणि खोली यापलीकडे कुठेही गेलो नाही. तिथल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीला मी नव्वदने गुणायचो. कॉफीला गुणलं की कॉफी नको व्हायची. वर्गातली मुलं माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ती शुक्रवारी संध्याकाळी निघून जायची आणि मी खोलीवर येऊन खिचडी लावायचो.

नॅशनल गॅलरीत मी पहिल्यांदा गेलो तो कलेच्या ओढीने गेलो, असं म्हणालो तर ते खोटं होईल. ट्रॅफल्गर चौकात होतो, पाऊस आला, समोर मोठी इमारत होती आणि आत जायला पैसे नव्हते, एवढंच कारण. शुक्रवार होता. त्या दिवशी गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. दोन तासांत मी सगळी दालनं पार केली. शंभराच्या वर फोटो काढले. कामाचा फडशा पाडल्याचं समाधान घेऊन बसने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला फोन. माझे सकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात बडोद्याचे दुपारचे दीड. जेवणं उरकून ती फोन जवळ घेऊनच बसलेली असायची.

"काल कुठे गेला होतास?"

"चित्रं बघायला."

"कसली चित्रं?"

आणि मला एकही सांगता येईना. येशू होते, घोडे होते, फुलं होती. "छान होती," म्हणालो. मग "जेवलास का", "हो", "थंडी आहे का", "आहे", "बाबांना देऊ का", "राहू दे". चार मिनिटांत फोन संपला.

आमचे सगळेच फोन तेव्हा चार मिनिटांत संपायचे. त्यामागे एक गोष्ट होती, ती मला उशिरा कळली. आजी आदल्या वर्षी गेली. शेवटची सहा वर्षं ती अंथरुणावर होती आणि आई तिच्याजवळ. आजी गेल्यावर आईला मोकळा वेळ मिळेल, असं आम्ही सगळे म्हणत होतो. वेळ मिळाला, पण घराबाहेर पडायची सवयच गेली होती. भाजीवाला दारात येतो, दूधवाला दारात येतो. मग बाहेर जायचं तरी कशाला? ती घरात आणि मी खोलीत. सांगण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी ठरवून गेलो. आमच्या धंद्यात एक नियम असतो: एका वेळी एकच बग सोडवायचा, दहा उघडले तर एकही सुटत नाही. तसंच एकच चित्र बघायचं, आणि ते आईला सांगता येईल इतकं बघायचं.

चित्र निवडलं ते यान व्हान आइक या चित्रकाराचं, 1434 सालचं. एका खोलीत एक श्रीमंत व्यापारी आणि त्याच्या शेजारी हिरव्या झग्यातली बाई, हातात हात देऊन उभे. मागच्या भिंतीवर गोल आरसा, पायाशी छोटा कुत्रा. चित्र जेमतेम अडीच-पावणेतीन फूट उंच. पंधरा मिनिटं समोर उभं राहायचं ठरवलं होतं. पाच मिनिटांत सगळं बघून झालं असं वाटलं आणि उरलेली दहा मिनिटं पाय दुखले.

शनिवारी आईला सांगायला लागलो. म्हटलं, थांब, फोटोच पाठवतो. ती म्हणाली, "फोटो नको. फोटो पाठवलास की मी 'छान' म्हणेन आणि संपेल. तू सांग."

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला दिवस गेलेत का?" तसं दिसतं खरं, पण तशी नाही. झगा एवढा लांब-रुंद आहे की तिने तो पोटाशी गोळा करून धरलाय. तेव्हाची तऱ्हाच ती.

"एवढं कापड हातात धरून ठेवायचं तर घरातली कामं कधी करणार?"

"तेच तर दाखवायचंय आई. तिला कामं नाहीत."

"बरं, आणि वर झुंबर आहे म्हणालास, त्यात मेणबत्त्या आहेत का?"

मला आठवेना. पंधरा मिनिटं उभा राहून मला झुंबरातल्या मेणबत्त्या दिसल्या नव्हत्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलो, फक्त मेणबत्त्या मोजायला. झुंबरात एकच होती, आणि पेटलेली होती.

"दिवसाढवळ्या?" आई म्हणाली. "खिडकीतून उजेड येतोय म्हणालास ना?"

ही दिवसा पेटलेली एकच मेणबत्ती कशासाठी, यावर कलेच्या अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि अजून त्यांचं एकमत नाही, हे मला त्यानंतर वाचनात कळलं. कोणी तिला लग्नाच्या शपथेशी जोडतं, तर कोणी ती बाई हयात नसल्याची खूण मानतं. आईने डांडिया बाजारातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, चित्र न बघता, नेमका तोच प्रश्न विचारला होता. त्या दिवशी फोन पंचवीस मिनिटं चालला.

तिथून रीतच पडली. शुक्रवारी चित्र, शनिवारी फोन, आणि आईच्या शंका घेऊन पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिथेच. खर्च बसचा. तेव्हा एका प्रवासाला दीड पौंड पडायचे आणि पहिल्या बसमध्ये चढल्यापासून एका तासाच्या आत त्याच भाड्यात हव्या तेवढ्या बस बदलता यायच्या. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली तर शहरही फुकटात बघून व्हायचं.

होल्बाइनचं 'राजदूत' हे चित्र सांगितलं. 1533 सालचं. दोन भारदस्त पुरुष, मधल्या फळ्यांवर पृथ्वीचा गोल, वाद्यं, उपकरणं. आणि खाली पायाशी एक तिरकी, ताणलेली, काहीच अर्थ न लागणारी आकृती. चित्राच्या उजव्या बाजूला जाऊन भिंतीलगत उभं राहून बघितलं की ती माणसाची कवटी होते. मी आईला भूमितीचा तास घेतल्यासारखं समजावलं. ती म्हणाली, "आणि कोणी बाजूला गेलंच नाही तर? त्याला आयुष्यभर ते डागच वाटणार की."

टर्नरचं जहाजाचं चित्र सांगितलं. 'टेमरेर' नावाची युद्धनौका, 1805 च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत गाजलेली. म्हातारी झाल्यावर वाफेवर चालणारी एक छोटी काळी होडी तिला मोडायला ओढून नेतेय आणि मागे सूर्य मावळतोय. टर्नरने ते 1839 मध्ये दाखवलं. आईने एका वाक्यात ते बडोद्याला आणलं. "म्हणजे आपल्या अलंगला नेतात तशी." आमच्या घरातलं जेवणाचं टेबल अलंगच्या बाजारातलंच आहे, कुठल्याशा मोडलेल्या जहाजावरचं. बाबांनी भावनगरहून टेम्पोत घालून आणलेलं. मी त्यावर बारावीपर्यंत अभ्यास केला, पण ते जहाज कुठलं असेल हा विचार कधी मनात आला नव्हता. आई म्हणाली, "आता ते पुसताना मला तुझा टर्नर आठवणार."

जानेवारीत मी तिला एका चित्राऐवजी गॅलरीचीच गोष्ट सांगितली. 1939 मध्ये दुसरं महायुद्ध जाहीर व्हायच्या आधीच लंडनच्या या गॅलरीतून चित्रं बाहेर हलवायला सुरुवात झाली. पुढे ती वेल्समध्ये डोंगराच्या पोटातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेऊन ठेवली. भिंती मोकळ्या. इमारतीवर बॉम्बही पडले. मायरा हेस नावाच्या पियानोवादक बाईंनी त्या रिकाम्या इमारतीत दुपारच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. आणि 1942 मध्ये लोकांनीच मागणी केली की निदान एक तरी चित्र बघायला मिळू द्या. मग दर महिन्याला खाणीतून एकच चित्र लंडनला आणायचे आणि मांडायचे. बॉम्बच्या सावटाखाली लोक ते एक चित्र बघायला यायचे.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कमाटीबागेत आपल्याकडेही चित्रं आहेत ना रे?"

आहेत. आपण सगळे त्या संग्रहालयात शाळेच्या सहलीने गेलेलो आहोत, आणि आपल्या सगळ्यांना तिथल्या दोनच गोष्टी आठवतात: इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा. शेजारीच चित्रांचं दालन आहे. तिथे पोहोचेपर्यंत मुलांना भूक लागलेली असते आणि बाई रांग लावून बागेकडे नेतात.

पुढच्या आठवड्यात आई गेली. शेजारच्या बेनना सोबत घेऊन, रिक्षाने. कित्येक वर्षांत डॉक्टर, देऊळ आणि लग्नकार्य सोडून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. शनिवारी मला बोलूच देईना. "अरे, आपल्या गॅलरीचंही तसंच झालंय! सयाजीरावांनी इमारत 1914 मध्ये बांधून पूर्ण केली आणि चित्रं अडकली तिकडे युरोपात. पहिलं महायुद्ध सुरू झालं ना! गॅलरी उघडली थेट 1921 मध्ये. सात वर्षं नुसत्या भिंती!" तिच्या आवाजात असा काही अभिमान होता, जणू ती सात वर्षं तिनेच वाट बघितली होती.

मग तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी एक चित्र सांगायचो, ती एक सांगायची. कीर्तिमंदिरात जाऊन नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती बघून आली. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार बडोद्याला येऊन भिंती रंगवून गेला, हे मला तीस वर्षांचा होईपर्यंत माहीत नव्हतं. दोनदा गेली, कारण पहिल्या वेळी बेनना घाई होती.

आणि मग तांबेकर वाडा. रावपुऱ्यातला, एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा. आता तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. आमच्या घरापासून चालत जेमतेम दहा मिनिटं. आई लग्न होऊन बडोद्याला आली त्याला तेव्हा तेहतीस वर्षं झाली होती. त्या गल्लीवरून ती हजारदा गेली असेल, आत कधीच नाही. "सगळ्या भिंती भरलेल्या आहेत रे. महाभारत आहे, कृष्ण आहे. आणि तिथेच गोऱ्या सायबाच्या पलटणीशी आपल्या लोकांची लढाई. दारंसुद्धा रंगवलेली आहेत." थोडं थांबून म्हणाली, "तुमची आजी असती तर तिला आवडलं असतं. तिला चालता येत होतं तेव्हा सुचलं नाही."

बाबा या सगळ्यात नव्हते. त्यांच्या-माझ्या बोलण्यात कर्जाचा हप्ता, परीक्षा आणि तब्येत, एवढेच विषय असायचे. एके शनिवारी मी आईला रेम्ब्रांटच्या दोन चित्रांबद्दल सांगत होतो. दोन्ही त्याची स्वतःचीच. एकात तो चौतीस वर्षांचा, ऐटीत कठड्यावर कोपर टेकवून बसलेला. दुसऱ्यात त्रेसष्टचा, हात एकमेकांत गुंफून बसलेला, शेवटच्या वर्षातला. स्पीकर चालू असावा, कारण मध्येच बाबांचा आवाज आला. ते स्वतः त्या वर्षी त्रेसष्टचे होते.

"कसा दिसतो?"

"थकलेला दिसतो बाबा. पण सरळ बघतो तुमच्याकडे."

"मधे काय झालं?"

"दिवाळं निघालं. 1656 मध्ये. घर गेलं, गोळा केलेल्या वस्तूंचा लिलाव झाला."

"म्हणजे कर्ज." थोडा वेळ गेला. "आणि तरी चित्रं काढत राहिला?"

"हो. त्यातली चांगली त्यानंतरचीच आहेत म्हणतात."

बाबा म्हणाले, "तुझ्या हप्त्याची काळजी मी करत नाही. तुला तसं वाटतंय का?" मला तसंच वाटत होतं. मी "नाही" म्हणालो. ते म्हणाले, "मग कधीतरी बाहेर कॉफी पीत जा." आई माझ्या कॉफीचा हिशेब त्यांना सांगायची, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर बाबांचं एक काम माझ्याकडे आलं. "तिकडे आहेस तर फाळके कुठे गेले होते ते बघून ये." बाबा कलाभवनाचे, मीही कलाभवनाचा, आणि दादासाहेब फाळकेही कलाभवनाचे. 1890 च्या सुमारास ते बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. मी तिथे चार वर्षं बीई केलं आणि माझ्या लक्षात राहिलं ते कँटीन. फाळके 1912 च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. वयाने बेचाळिशीला आलेले, घरी बायकोमुलं. तिथे एका सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी घालून दिली आणि हेपवर्थने वॉल्टन गावातला आपला स्टुडिओ त्यांना आतून दाखवला. कॅमेरा विकत घेऊन एप्रिलच्या सुरुवातीला फाळके परत आले आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

मार्चमधल्या एका रविवारी मी वॉटर्लू स्टेशनवरून गाडी पकडली. वॉल्टन अर्ध्या तासावर. स्टुडिओ आता नाही. हेपवर्थची कंपनी 1924 मध्ये बुडाली. त्याने जिथे स्टुडिओसाठी वीज तयार करायची यंत्रं बसवली होती, ती इमारत मात्र छोटं नाट्यगृह म्हणून अजून उभी आहे. त्या दिवशी ते बंद होतं. मी रस्त्यावर उभा राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि एक बंद दार दाखवलं. ते बघत राहिले. "यातून वीज नेत होते? म्हणजे तेव्हाच दिव्यांच्या उजेडात शूटिंग करत होते," म्हणाले. बाबांना सिनेमापेक्षा वायरिंगची गोडी जास्त.

त्या रात्री आम्ही दोघांनी हेपवर्थचा 1905 सालचा 'रेस्क्यूड बाय रोव्हर' एकाच वेळी लावला, ते बडोद्यात आणि मी खोलीत. सात मिनिटांचासुद्धा नाही. चोरीला गेलेलं बाळ घरचा कुत्रा शोधून काढतो. त्यातली आई म्हणजे हेपवर्थची बायको, बाळ त्याचं आणि कुत्राही त्याचाच. तो एवढा खपला की प्रती काढून काढून मूळ निगेटिव्ह झिजली आणि सगळा सिनेमा पुन्हा चित्रित करावा लागला, एकदा नाही, दोनदा. बाबा म्हणाले, "फाळक्यांनीही घरच्यांनाच घेतलं की." खरंच आहे. हरिश्चंद्राचा रोहिदास हा फाळक्यांचा मुलगा, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याच्या कामातही सरस्वतीबाई. बाबा माझ्याशी त्या रात्री तासभर बोलले. हप्त्याचा विषय निघाला नाही.

सप्टेंबरात परत आलो. दुसऱ्याच आठवड्यात आईला म्हटलं, चल, तुझा वाडा दाखव. मी भराभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निघालो, तशी तिने हाताला धरून थांबवलं. "असं नाही. एक भिंत निवड." मी निवडली. शेजारी उभी राहून ती काही बोलली नाही. दहा मिनिटांनी विचारलं, "त्या शिपायाच्या टोपीचा रंग कोणता होता?" मला सांगता आलं नाही. पुन्हा वळून बघावं लागलं.

तर भाच्या, शनिवार-रविवारी काय करायचं, तर एवढं कर. जिथे जाशील तिथे फुकट असणारी एक जागा असतेच. दर आठवड्याला तिथे जा, एकच गोष्ट बघ आणि ती घरी सांग. फोटो पाठवू नकोस. आई काहीतरी विचारेल आणि तुला ते सांगता येणार नाही. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

आणि हो, कुकरची शिट्टी वेगळी बांधून हातातल्या बॅगेत ठेव. माझी मोठ्या बॅगेत होती. ती पोहोचली चार दिवसांनी.